शनवार तेल्यांचे का तुम्ही?

नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला लावायचं तेल आणि संध्याकाळी पणतीत घालायचं तेल एकाच घाण्यावरून घरी यायचं, तो काळ फार जुना नाही. अलिबाग, रेवदंडा, पेण, रोहा, मुरूड या पट्ट्यातल्या कित्येक गावांत तो घाणा ज्यू माणसाचा होता. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत बैल सुटायचा आणि शनिवारचा अख्खा दिवस घाणा बंद. हिंदू तेली महादेवाचा वार म्हणून सोमवार पाळत, ते सोमवार तेली. आणि हे शनवार तेली. गावाला एवढी ओळख पुरत होती. हे लोक मूळचे कुठले, कोणत्या ग्रंथाला मानतात, याची चौकशी करायचं कोणाला कारण पडलं नाही. शनिवारी तेल मिळायचं नाही, आदल्या दिवशीच आणून ठेवावं, एवढं ठाऊक असलं की शेजार चालतो.

यात एक गंमत आहे. ज्यांच्या तेलावर आपली दिवाळी उजळत होती, त्या बेने इस्रायलांना स्वतःचा दिव्यांचा सण मुळात माहीतच नव्हता. हनुक्काच्या आठ दिवसांत ज्यू घरांत दिवे लागतात, ते इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातल्या एका घटनेच्या स्मरणार्थ. कोकणातल्या ज्यूंना तो सण बाहेरच्या ज्यूंशी संबंध आल्यावर पुष्कळ उशिरा कळला. त्यावरून त्यांचे पूर्वज त्या घटनेच्या आधीच मायदेश सोडून निघाले असणार, असा तर्क समाजातल्या अभ्यासकांनी बांधला. परंपरा सांगते ते असं, की नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना तिथंच मूठमाती मिळाली. त्या जागी आज दफनभूमी आहे, स्मारकाचा स्तंभ आहे. जहाज फुटून किनाऱ्याला लागलेल्या पूर्वजांची कथा कोकणात आणखी एका जातीचीही आहे. ती कोणती, हे कोकणच्या वाचकाला सांगायला नको.

यंदाच्या अंकातला विशेष विभाग परत येणाऱ्यांवर आहे. इथं सुट्टीला येणारे अभिप्रेत नाहीत. कॅलिफोर्नियाहून तीन आठवड्यांसाठी येऊन दाताचा डॉक्टर, सोनार आणि दोन लग्नं उरकून जाणाऱ्यांवर दरवर्षी कोणत्या ना कोणत्या दिवाळी अंकात कथा येतेच, आणि त्यात आई नेहमी खिडकीशी उभी असते. आम्हाला हवे होते ते दोन-तीन पिढ्यांनंतर येणारे. ज्यांनी ही भूमी पाहिलेली नाही, ज्यांना इथली भाषा अर्धवट येते किंवा येतच नाही, आणि तरी आपण इथले कोण लागतो ते तपासायला जे येतात, ते. असे लोक बरेच आहेत. बेने इस्रायल त्यांत मला सगळ्यांत विलक्षण वाटतात, कारण त्यांची जी मातृभूमी म्हणून धर्मग्रंथ सांगतो तिथं ते एकदा ‘परत’ गेले, आणि तिथून आता रायगड जिल्ह्यात परत येतात.

१९४८ला इस्रायल स्थापन झालं तेव्हा भारतात वीस हजारांच्या आसपास बेने इस्रायल होते. आज इथले सगळे ज्यू मिळून जेमतेम चार-पाच हजार भरतील. त्यांना कोणी हाकललं नाही. ज्यूद्वेष म्हणजे काय हे त्यांना इथं कळलं नाही, असं ते स्वतःच सांगतात. धर्माची ओढ होती, पुढे गेलेल्या नातेवाइकांची पत्रं होती, आणि इंग्रज गेल्यावर रेल्वेतल्या, कस्टममधल्या, पलटणीतल्या नोकऱ्यांचं काय होणार ही धास्तीही होती. बिऱ्हाडं मोडली, घरं शेजाऱ्यांना विकली आणि माणसं लोद, अश्दोद, बीरशेबा, दिमोना अशा ठिकाणी जाऊन राहिली. दिमोना तर वाळवंटात. कोकणच्या माणसाला वाळवंट.

तिथून परतीचा पहिला प्रवास शोधाचा नव्हता, संतापाचा होता. रंगावरून, रोटीवरून, कामावरून आपल्याला कमी लेखतात म्हणून काही कुटुंबांनी तेल अवीवमध्ये ठिय्या दिला, आम्हाला भारतात परत पाठवा म्हणून हट्ट धरला, आणि १९५२मध्ये शेदीडशे माणसं खरोखरच परत आली. त्यांतले बहुतेक पुढे पुन्हा इस्रायलला गेले. ही घटना सोहळ्यांच्या भाषणांत येत नाही, पण मला ती फार बोलकी वाटते. इथंही नाही, तिथंही नाही, अशी ती येरझार होती.

त्यानंतर दहा वर्षांनी तिथल्या मुख्य धर्मपीठाने फर्मान काढलं: बेने इस्रायल मुलामुलींचं इतर ज्यूंशी लग्न लावण्याआधी त्यांचं कूळ मागे जाता येईल तितकं तपासा. दोन हजार वर्षं समुद्रकाठी शनिवार पाळणाऱ्यांकडून आता पणजीच्या धर्माचा पुरावा मागितला गेला. पुरावा कुठून आणणार? किहीमच्या घाण्यावर कोणी जन्मदाखले जपत नव्हतं. माणसं जेरुसलेमच्या रस्त्यावर उतरली, आणि १९६४च्या ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेला हे लोक सर्व बाबतींत ज्यूच आहेत असं जाहीर करावं लागलं. हा ओरखडा घरोघर उरला. आज अलिबागला येणारा चाळिशीचा नातू त्या वेळी जन्मलेलाही नव्हता, पण आजोबांना विचारलं गेलेलं ‘तुम्ही नक्की कोण?’ त्याला पाठ असतं.

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात अलिबागच्या बाजारात असं एक कुटुंब भेटलं. आजी, मुलगी, नातू. आजी सत्तरी उलटलेली, पँट आणि बिनबाह्यांचं जाकीट, गळ्यात मोबाइल अडकवलेला. एका बाईपुढे बसून कडवे वाल निवडत होती. निवडत म्हणजे ओंजळीत घेऊन फुंकर मारत, किडका दाणा नखाने बाजूला करत, आणि भाव पाडत. “एवढे कसे वो बाय? आमच्या टायमाला पायलीनं घ्यायचो.” मराठी अस्सल अष्टागरातली, पण साठ-पासष्ट सालची, त्यानंतर ती भाषा कोणी वापरून झिजवलेली नाही. नातवाने हिब्रूत काहीतरी विचारलं. मी आजीकडे पाहिलं, तशी म्हणाली, “विचारतोय, दिमोनात शेंगा-दाणे मिळत नाहीत का! मिळतात रे बाबा. मोड आल्यावर त्यांना असा वास येत नाही.” मग मला कौतुकाने सांगितलं, की त्यांच्याकडे एक बिरड्याचा सण असतो. जेरुसलेमचं मंदिर पडल्याचा दुखवट्याचा दिवस, आणि त्याला नाव वालाच्या बिरड्याचं. योम किप्पूरला घराची दारं बंद करून बसायचं, म्हणून तो दरफळणीचा सण. रोश हशाना म्हणजे नव्याचा सण. त्याला गव्हाचा चीक काढून नारळाच्या दुधात हलवा करायचा. पूरीम होळीच्या आसपास येतो, म्हणून होळीचा सण. पंचांग त्यांचं, नावं आपली, आणि जिन्नस रायगड जिल्ह्याचे.

नातू हे सगळं फोनवर टिपून घेत होता. त्याच्या लेखी ही आजीची खोड होती, घरातली एक तऱ्हा. समोर वाल विकणारी बाई तोच पदार्थ त्याच नावाने, तेवढ्याच आत्मविश्वासाने कसा करायचा ते सांगायला लागली, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मला अजून आठवतं. ही एका बाईची तऱ्हा नाही, हा मुलूखच असा आहे, हे त्याला तिथं, त्या टोपलीपुढे कळलं असावं. वारसा सहलींच्या छापील माहितीपत्रकात हे कुठं बसवणार? त्यात मागेन अबोथ सिनेगॉग असतं, इस्रायल आळी असते, रेवदंड्याचं बेथ एल असतं, खंडाळ्याचा तो खडक असतो जिथं प्रेषित एलियाहू हनाबीच्या घोड्यांच्या टापा आणि रथाची चाकं उमटली असं मानतात, आणि मग पाचव्या दिवशी ताजमहाल.

गावात जाणं मात्र इतकं गोड होत नाही. या लोकांचं गाव आडनावातच असतं: चेऊलकर, किहीमकर, पेणकर, आवासकर, झिराडकर, नवगावकर, दिवेकर, अष्टमकर. ‘बूट पॉलिश’ चित्रपटात जॉन चाचा झालेला नट आपल्याला डेव्हिड म्हणून माहीत, त्याचं आडनाव चेऊलकर, म्हणजे माणूस चौलचा. यांतली बरीच आडनावं ब्राह्मणांत आहेत, आगऱ्यांत आहेत, कोकणी मुसलमानांत आहेत. दिवेकर म्हटलं की धर्म कळत नाही, दिवेआगर कळतं. तेव्हा गाव शोधणं अवघड नाही. अडतं ते गावात शिरल्यावर. अलिबाग तालुक्यात गुंठ्याचा भाव काय झाला आहे ते आपण जाणतो. बाहेरून गाडी येते, चार अनोळखी माणसं उतरतात, जुन्या घराची, जुन्या मालकाची विचारपूस करतात. गाव समजतं, एकतर डेव्हलपर आला किंवा कोणीतरी हक्क सांगायला आला. सातबारा डोळ्यांपुढे येतो. जो परवापर्यंत ‘आमच्या बापाने ज्यूकडून घर घेतलं’ म्हणून सांगत होता, त्याला अचानक काही आठवेनासं होतं. यात त्यालाही दोष देता येत नाही. कूळकायदा, वाटण्या, फेरफार यांत निम्मं आयुष्य घालवलेल्या माणसाला कोणी केवळ आजोबांचा ओटा पाहायला चार हजार किलोमीटरवरून येईल हे पटत नाही.

चौलच्या बाजूला एका वाडीत हे मी पाहिलं. आलेला गृहस्थ अश्दोदचा, यंत्रं दुरुस्त करणारा, मराठी ‘बस, जेवला का, पाणी दे’ एवढंच. अर्धा तास नुसती चुळबुळ. जागेचं काय काम आहे, हे तीनदा विचारून झालं. मग कोणीतरी पडवीतल्या म्हाताऱ्याला बाहेर आणलं. त्याने पाहुण्याकडे नीट पाहिलंही नाही, आडनाव ऐकलं आणि म्हणाला, “शनवार तेल्यांचे का तुम्ही?” एवढं झालं आणि सगळं सैल पडलं. चहा आला. तेल्याच्या बैलाचं नाव निघालं, विहिरीवरचं भांडण निघालं, पाहुण्याची आजी लग्नाच्या आदल्या रात्री मलिद्याचं ताट गावात वाटायची ते निघालं. गोड पोहे, खोबरं, फळांच्या फोडी. गोठ्यामागे घाण्याचं दगडी उखळ पडलेलं होतं. गुरांना पाणी ठेवायला वापरतात. पाहुणा खाली बसला, आतून हात फिरवला. एका बाजूला दगड बोटभर जास्त झिजला होता. त्याने दुभाष्यामार्फत विचारलं, जमीन या अंगाला उतरती होती का? होती. आता भर घालून सपाट केली आहे. कारागिराने कारागिराची चूक ओळखली आणि त्याला कोण आनंद झाला! घराचा फोटो काढायचा त्याला त्यानंतर आठवलंच नाही.

त्याच्या पिशवीत अर्थातच कागदही होते. आजोबांच्या जन्माची नोंद मिळाली तर ओसीआय कार्डाचा अर्ज करायचा होता. संस्कृतीच्या शोधात आलेल्यांकडे बहुधा असा एखादा अर्ज असतो आणि त्यात नाक मुरडण्यासारखं मला काही दिसत नाही. पण नोंद मिळाली असती तरी म्हाताऱ्याच्या त्या एका प्रश्नाची सर तिला आली नसती. ज्यांच्या घराण्याला एकदा कूळ सिद्ध करायला लावलं गेलं, त्यांना आणखी एक दाखला नको असतो. दाखला न मागता ओळखणारं कोणीतरी हवं असतं. अशी ओळखणारी माणसं गावात किती उरली, हा खरा प्रश्न. जी ऐंशीच्या पुढे आहेत, ती.

मॉरिशसच्या मराठी माणसाची अडचण नेमकी उलटी आहे. १८३४पासून पुढे पाऊणशे वर्षं जे साडेचार लाखांच्या घरात भारतीय मजूर गिरमिटावर त्या बेटावर गेले, त्यांत रत्नागिरी, सावंतवाडीकडची माणसंही मुंबई बंदरातून गेली. पोर्ट लुईला ती ज्या धक्क्यावर उतरली तो आप्रवासी घाट २००६मध्ये जागतिक वारसा झाला. प्रत्येक मजुराला नंबर होता, नोंद होती, पुढेपुढे फोटोसुद्धा. ही दप्तरं मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपलेली आहेत. म्हणजे कागद चोख. पण आजोबाचं नुसतं नाव हेच पुढे घराण्याचं आडनाव होऊन बसलं, आणि मूळ आडनाव, भावकी, देवक सगळं पुसलं गेलं. गावाचं नाव लिहिलं कारकुनाने, त्याला जसं ऐकू आलं तसं. रत्नागिरीत उतरलेला पाहुणा ते नाव वाचून दाखवतो आणि त्याला मिळतीजुळती चार गावं निघतात. तिथं त्याला ‘अमक्यांचे का तुम्ही’ म्हणणारं कोणी भेटणं जवळजवळ अशक्य. तो मग देवळात जातो, नमस्कार करतो आणि चारांपैकी एक गाव आपलं मानून टाकतो. गणेशचतुर्थीला तिकडे सरकारी सुट्टी असते हे मात्र तो अभिमानाने सांगतो, आणि आपण ऐकणारे ओशाळतो, कारण आपल्या घरातला गणपती त्या वर्षी दीड दिवसावर आणलेला असतो.

परत येणाऱ्यांच्या उत्साहात एका वर्गाचा विसर पडतो: जे गेलेच नाहीत. ठाणे, भायखळा, पनवेल, अलिबाग इथं बेने इस्रायल आजही राहतात. बँकेत जातात, मुलांच्या फीची काळजी करतात. २०१६मध्ये राज्य सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. परदेशी पाहुणे, कधीकधी आपण पत्रकारही, त्यांच्याकडे शेवटचा वाघ पाहावा तसं पाहतो. “अजून आहात तुम्ही इथं?” हा प्रश्न त्यांना किती वेळा ऐकावा लागतो याचं मोजमाप नाही. ठाण्यातल्या एका बाईंनी फार शांतपणे उत्तर दिलं होतं: “आम्ही कुठं जाणार? पाणी भरायचंय सकाळी.”

इस्रायलचं नाव काढलं की आज ऐकणाऱ्यांत दोन तट पडतात. गाझामध्ये जे झालं ते पाहिलेल्या वाचकाला हा लेख वाचताना ते आठवणार, आणि आठवावंच. त्या संहाराबद्दल हा अंक गप्प नाही. पुढच्या पानांत त्यावर स्वतंत्र लेख आहे, आणि तो संपादकाच्या मताशी जुळणारा आहे. पण वाल निवडणाऱ्या आजीला मी तिथं त्या सरकारची वकील म्हणून उभी करू शकत नाही. आपल्याकडचं राजकारण न्यूजर्सीतल्या प्रत्येक मराठी माणसाने आपल्या कपाळावर चिकटवून हिंडावं, असंही आपण म्हणत नाही.

मला आपल्याविषयी बोलायचं आहे. या समाजाने मराठीत जे केलं त्याचं आपण काय केलं? १८४६मध्ये मुंबईत हगादा मराठी भाषांतरासह छापला गेला. वल्हांडणाच्या रात्री वाचायचं ते पुस्तक. १८७४ला पुण्यात निघालेल्या हगाद्यात बेखमीर रोट्या लाटणाऱ्या बायका चक्क साड्या नेसलेल्या आहेत. १८८०च्या सुमारास मुंबईत त्यांनी कीर्तनं सुरू केली. अब्राहाम, योसेफ, एस्तेर यांची आख्यानं साकी-दिंडी-आर्येत बांधली, आणि बेंजामिन सॅमसन अष्टमकरांसारख्यांनी ती लिहून छापली. हाईम सॅम्युएल केहीमकरांनी समाजाचा इतिहास १८९७मध्ये इंग्रजीत लिहून ठेवला. तो छापून यायला १९३७ उजाडलं, आणि तोही तेल अवीवमध्ये. या समाजाच्या बायकांच्या मराठी गाण्यांवर परदेशी विद्यापीठांतले संशोधक काम करतात. आपल्याकडच्या कीर्तनपरंपरेवरच्या जाडजूड ग्रंथांत हे प्रकरण सापडेल का, वाचकांनी आपापल्या कपाटात पाहावं. मला सापडलं ते एका तळटिपेत. संतसाहित्याचे वारसदार म्हणवणाऱ्यांना मोशेची आर्या परकी वाटावी, हे काही शोभत नाही. उलट इस्रायलमध्ये ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं चालवलं आणि एक मेला महाराष्ट्र दिनाला ते एकत्र जमतात. आपल्या सोसायटीत एक मेला फक्त झेंडावंदनाला कोण आलं नाही याची चर्चा होते.

म्हणून या अंकाच्या निमित्ताने एक काम हाती घेत आहोत, आणि त्यात वाचकांची मदत हवी. रायगड जिल्ह्यात ज्यांच्या गावात शनवार तेल्यांचं घर होतं, त्यांनी गावाचं नाव, आळी, घराण्याचं आडनाव, ते कोणत्या साली गेले, घाण्याचं, घराचं, विहिरीचं पुढे काय झालं आणि त्यांच्याविषयी घरात काय सांगितलं जातं, ते लिहून पाठवावं. शुद्धलेखनाची चिंता नको. लिहिता येत नसेल अशा वडीलधाऱ्यांचं बोलणं मोबाइलवर ध्वनिमुद्रित केलं तरी चालेल, मात्र सुरुवातीला त्यांनी आपलं वय सांगावं. दफनभूमीतल्या दगडांचे फोटो काढणार असाल तर उन्हं तिरपी असताना काढा, अक्षरं उठून दिसतात. आणि आधी तिथल्या विश्वस्तांना विचारा. घराच्या व्यवहाराचे कागद, सातबारा, फेरफार यांतलं काहीही पाठवू नये. ते आम्हाला नको आहेत, आणि ज्यांना कोणाला हे कळवाल त्यांनाही एवढं आवर्जून सांगा. मजकूर माघी गणेशजयंतीपर्यंत कार्यालयात पोचावा.